ड्रोनच्या बॅटरीसाठी एसबीआयआर: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत बॅटरीवर काम करणारे मराठी इंजिनिअर काही कमी नाहीत. पीएचडी होते, चार-पाच वर्षं एखाद्या सेल बनवणाऱ्या कंपनीत जातात, ग्रीनकार्ड हातात येतं आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागतो: आपलीच छोटी कंपनी का काढू नये? पैशाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एसबीआयआर भर ना.’ जसा काही तो रेशनकार्डाचा फॉर्म आहे. प्रत्यक्षात काय काय भरावं लागतं आणि कुठे पाय घसरतो, ते इथे सांगतो. विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे: मानवरहित विमानांसाठी, म्हणजे ड्रोनसाठी, पुढच्या पिढीच्या बॅटऱ्या. माझा अनुभव तिथलाच आहे आणि संरक्षण खातं, नौदल, हवाई दल, नासा या सगळ्यांना हवी असलेली ही चीज आहे.

हा पैसा नेमका कसला?

एसबीआयआर म्हणजे स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च. नॅशनल सायन्स फाउंडेशनमधल्या (एनएसएफ) रोलंड टिबेट्स यांनी १९७७ मध्ये हा प्रयोग सुरू केला, आणि १९८२ मध्ये रेगन यांच्या सहीने त्याचा कायदा झाला. ज्या सरकारी खात्याचं बाहेर देण्याचं संशोधन-बजेट वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्याने त्यातले किमान ३.२ टक्के छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवायचे, असा नियम आहे. १९९२ मध्ये एसटीटीआर हे धाकटं भावंड आलं. त्यात विद्यापीठ किंवा संशोधन संस्था भागीदार म्हणून घ्यावीच लागते.

हे कर्ज नाही, परत करायचं नाही. सरकार कंपनीत हिस्साही मागत नाही. म्हणून लोकांना वाटतं की फुकटचा पैसा आहे. तसं नाही. खात्याची एक अडचण असते, ती त्यांनी ‘टॉपिक’ म्हणून लिहून काढलेली असते, आणि त्या अडचणीवर उत्तर शोधायचे ते पैसे देतात. तुमच्या रसायनशास्त्राचं कौतुक म्हणून देत नाहीत.

टप्पे तीन. फेज वन म्हणजे ‘हे होऊ शकतं का’ हे दाखवणं. साधारण सहा महिने. नासाने अलीकडच्या वर्षांत यासाठी दीड लाख डॉलर दिले आहेत. कायद्यानुसार विशेष परवानगीशिवाय द्यायची कमाल मर्यादा ३,१४,३६३ डॉलर ठरवली गेली होती. फेज टू म्हणजे प्रत्यक्ष नमुना बनवणं. साधारण दोन वर्षं, कमाल सुमारे २१ लाख डॉलर. फेज थ्रीला या योजनेतला पैसाच नसतो, पण खरी मलई तिथेच आहे. त्याबद्दल शेवटी.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. ही योजना काँग्रेसने दिलेल्या मुदतीवर चालते. २०२२ मध्ये मिळालेली मुदतवाढ ३० सप्टेंबर २०२५ ला संपली आणि नवे करार थांबले. असं आधीही झालंय. तेव्हा ज्या दिवशी कामाला लागाल त्या दिवशी एसबीआयआर डॉट गव्ह उघडून कुठल्या खात्याची दारं उघडी आहेत ते बघा, आणि घरखर्च या एका तारखेवर टांगून ठेवू नका.

पहिली पायरी: आपण बसतो का?

कंपनी नफ्यासाठी असावी, अमेरिकेत असावी, संलग्न कंपन्या धरून माणसं ५०० पेक्षा जास्त नसावीत, आणि अर्ध्याहून जास्त मालकी अमेरिकी नागरिकांची किंवा ग्रीनकार्डधारकांची असावी. एच-१बी वर असलेल्या मित्राला भागीदार घ्यायचं तर घ्या, पण निम्मी किंवा त्याहून जास्त मालकी त्याच्या नावावर नको. शिवाय तो दुसऱ्या कंपनीच्या एच-१बी वर असताना तुमच्याकडे संध्याकाळी ‘थोडं काम’ करू शकत नाही. हे मराठी मंडळात चहा पिताना कितीही सोपं वाटलं तरी.

प्रमुख संशोधक, ज्याला सगळे पीआय म्हणतात, तो एसबीआयआरमध्ये पैसा मिळताना मुख्यतः तुमच्याच कंपनीत नोकरीला असला पाहिजे. म्हणजे अर्ज करताना दिवसाची नोकरी चालू असली तर चालेल, पण करारावर सही होताना ती सोडायची तयारी हवी. घरी हा विषय अर्ज करण्याआधी काढा, नंतर नको. एसटीटीआरमध्ये पीआय विद्यापीठातलाही चालतो. प्राध्यापकांना म्हणून ते सोयीचं.

कामाची वाटणीही ठरलेली आहे. फेज वनमध्ये निदान दोन तृतीयांश काम कंपनीने स्वतः करायचं, फेज टूमध्ये निदान निम्मं. एसटीटीआरला कंपनी ४० टक्के, संस्था ३० टक्के, उरलेलं कुणीही.

आणि आता आपल्या लोकांचा खास खड्डा. ‘बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमचं फर्मवेअर पुण्यात मावसभावाच्या टीमकडून करून घेऊ, स्वस्तात पडेल.’ नाही. संशोधनाचं काम अमेरिकेतच व्हायला हवं. अपवादाला लेखी परवानगी लागते आणि ती क्वचित मिळते. त्यात संरक्षण खात्याचे बरेच टॉपिक निर्यात-नियंत्रणाखाली असतात. अशा टॉपिकची ड्रॉइंग पुण्याला ईमेल करणं ही निर्यात झाली. इतकंच काय, तुमच्याच लॅबमध्ये शेजारी बसलेल्या, ग्रीनकार्ड नसलेल्या सहकाऱ्याला ती दाखवणं हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने निर्यातच. प्रस्तावात कोण परदेशी नागरिक काम करणार, त्याचा देश, व्हिसा आणि तो नेमकं काय करणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं.

पुण्यात किंवा ठाण्यात बसून कंपनी काढणाऱ्यांनी इकडे वेळ घालवू नये. त्यांच्यासाठी भारत सरकारची आयडेक्स ही संरक्षणातल्या नव्या कल्पनांसाठीची योजना २०१८ पासून आहे. तिच्या मूळ स्वरूपात दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि तेवढाच वाटा कंपनीने उचलायचा असतो. डीआरडीओच्या टीडीएफ या तंत्रविकास निधीची मर्यादा २०२२ मध्ये १० कोटींवरून ५० कोटी झाली. पुढे जो बॅटरीचा हिशेब येतोय तो मात्र तिकडेही जसाच्या तसा लागू आहे.

दुसरी पायरी: नोंदणी, आणि तीही आजच

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणूनच त्याने माझा पहिला प्रस्ताव खाल्ला. सॅम डॉट गव्ह या सरकारी करारांच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी करावी लागते. तिथे यूईआय नावाचा बारा अक्षरी ओळख-क्रमांक मिळतो. राज्याच्या कागदांवर आमच्या पत्त्यात ‘सुइट’चा आकडा होता, विजेच्या बिलावर नव्हता. त्या एका आकड्यापायी पडताळणी अडकली, तीन आठवडे गेले आणि मुदत निघून गेली. प्रस्ताव पूर्ण लिहून तयार होता. बायकोने फक्त एवढंच विचारलं, ‘आधी का नाही केलंस?’ याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

तर कर खात्याचा क्रमांक, राज्यातली नोंद, बँक खातं आणि वीज-बिल या चारही ठिकाणी नाव-पत्ता अक्षरशः एकसारखा करून घ्या, मगच सॅमला हात लावा. ही नोंदणी मोफत आहे. नोंद होताच ‘तुमचं खातं बंद पडतंय, ६०० डॉलर भरा’ छापाच्या ईमेल सुरू होतात; त्या केराच्या टोपलीत. दरवर्षी नूतनीकरण मात्र खरंच करावं लागतं. त्यानंतर एसबीआयआर डॉट गव्ह वर कंपनीची नोंद, आणि संरक्षण खात्यासाठी डीसिप या पोर्टलवर वेगळी. नासा, ऊर्जा खातं, एनएसएफ यांची दारं आणखी वेगवेगळी. एनएसएफला आधी तीन-चार पानांचा ‘पिच’ पाठवायचा असतो, ऊर्जा खात्याला आधी इरादापत्र.

यात अडकलात तर आपल्या राज्यातलं अॅपेक्स अॅक्सिलरेटर शोधा. सरकारी करारांसाठी छोट्या उद्योगांना मदत करणारी ही केंद्रं फी घेत नाहीत. तिथली माणसं बॅटरी ओळखत नाहीत, फॉर्म ओळखतात. आपल्याला तेच हवं असतं.

तिसरी पायरी: टॉपिक वाचणं

टॉपिक दोन-तीन पानांचा असतो: अडचण, फेज वनची अपेक्षा, फेज टूची, फेज थ्रीची, आणि मग संदर्भ. आपण इंजिनिअर सवयीने पहिला परिच्छेद वाचतो, ‘उच्च ऊर्जाघनता’ (किलोमागे जास्त ऊर्जा) हे शब्द दिसतात आणि आपलं आवडतं रसायन डोळ्यासमोर नाचायला लागतं. तिथेच थांबा. पेन घ्या आणि आकड्यांभोवती गोल करा. किती किलोचं विमान? किती वेळ? किती तापमानापासून किती तापमानापर्यंत? जहाजावरून उडणार का? किती वेळा चार्ज करायचं? कनेक्टर जुनाच ठेवायचा का?

जहाजावर जाणार असेल तर सुरक्षिततेचा प्रश्न ऊर्जेच्या आधी येतो. जहाजाच्या पोटात लिथियमची आग लागली तर पळायला जागा नसते, म्हणून नौदलाची लिथियम बॅटऱ्यांसाठी स्वतःची जाडजूड सुरक्षा-नियमावली आहे. फेज वनमध्ये तिची चाचणी कुणी मागत नाही, पण प्रस्तावात तिचा उल्लेखही नसेल तर वाचणाऱ्याला कळतं की हा गडी पाण्यात कधी उतरलेला नाही.

टॉपिक जाहीर झाल्यावर आणि प्रस्ताव स्वीकारायला सुरुवात होण्याआधी संरक्षण खात्यात मधे काही दिवस असतात. तेवढ्याच काळात टॉपिक लिहिणाऱ्या माणसाशी थेट बोलता येतं. खिडकी बंद झाली की मग पोर्टलवर जाहीर प्रश्न-उत्तरं, सगळ्यांना दिसणारी. फोन जरूर करा. संकोच आपल्याला नडतो: ‘एवढ्या मोठ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा.’ तो मोठा माणूस सहसा एखाद्या प्रयोगशाळेतला चाळिशीतला इंजिनिअर असतो आणि चांगला प्रश्न विचारणारं कुणी भेटलं की खूश होतो. आपलं रसायन त्याला विकायला जाऊ नका. विचारा: सध्या काय वापरता, आणि ते कुठे दगा देतं? एकदा मी हे विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘ऊर्जा पुरते हो, पण थंडीत उड्डाणालाच व्होल्टेज बसतं.’ टॉपिकमध्ये ही गोष्ट एका ओळीत, शेवटाकडे लपलेली होती.

चौथी पायरी: आधी विमानाचा हिशेब, मग सेलचा

सगळ्यात जास्त प्रस्ताव इथे पडतात, तेव्हा जरा निवांत बघू.

समजा चार पंख्यांचा, एकूण ४ किलोचा ड्रोन आहे, पंखे १५ इंची. नुसतं हवेत तरंगत राहायला त्याला, मोटर आणि पंख्याचे तोटे धरून, साधारण ४२० वॅट लागतात. बॅटरी १.२ किलोची. चांगल्या लिथियम-पॉलिमर पॅकचे १८० वॅट-तास प्रति किलो धरले तर २१६ वॅट-तास झाले. पूर्ण कुणी पिळत नाही. ८० टक्के धरा, १७३. भागिले ४२०: साधारण २५ मिनिटं.

आता त्याच वजनात ३०० वॅट-तास प्रति किलोचा पॅक आणला तर वेळ ४१ मिनिटांवर जातो. छान! पण त्याच हिशेबात दुसरा आकडा बघा. ४२० वॅट भागिले २१६ वॅट-तास, म्हणजे पहिली, १८० वाली बॅटरी सरासरी जवळजवळ २ सी ने, म्हणजे अर्ध्या तासात पूर्ण संपेल अशा वेगाने, रिकामी होते आहे. वर चढताना किंवा वाऱ्याशी झुंजताना त्याच्या दुप्पट. आणि बाजारात ४०० वॅट-तास प्रति किलो म्हणून मिरवणारे लिथियम-सल्फर सेल तो आकडा दाखवतात ते पाच-दहा तासांत हळूहळू रिकामे केले तर. २ सी ला त्यांचा दम निघतो.

मग ते निरुपयोगी का? मुळीच नाही. झेफर हे सौर विमान घ्या. २०१० मध्ये अॅरिझोनात ते सलग १४ दिवस उडालं, सायन पॉवरच्या लिथियम-सल्फर बॅटऱ्यांवर. तिथे बॅटरीला रात्रभर, दहा-बारा तास, संथपणे विमान धरून ठेवायचं असतं. सल्फरचा स्वभाव आणि विमानाची गरज जुळली. पुढे २०२२ मध्ये त्याच घराण्यातलं विमान ६४ दिवस हवेत राहिलं, तेव्हा आत अँप्रियसचे सिलिकॉन अॅनोडचे सेल होते.

याच्या उलट टोक म्हणजे मंगळावरचं इन्जेन्युइटी. सहा सोनी १८६५० सेल, मिळून २७३ ग्रॅम. ऊर्जाघनतेच्या शर्यतीत हा सेल कुठेच नव्हता. त्याची ताकद होती क्षणात जास्त करंट देण्यात, कारण उडताना पाचशे वॅटपर्यंत मागणी जायची. आणि त्या बॅटरीतली बरीचशी ऊर्जा उडण्यात जातच नव्हती. रात्रीच्या थंडीत यंत्र जिवंत ठेवण्यात जायची. पाच उड्डाणांसाठी बनवलेल्या त्या ड्रोनने एप्रिल २०२१ ते जानेवारी २०२४ मध्ये ७२ उड्डाणं केली.

प्रस्ताव लिहिताना हीच दोन यंत्रं डोळ्यासमोर ठेवा आणि विचारा, टॉपिकमधलं विमान यांच्यापैकी कुणाच्या जवळचं आहे? स्थिर पंखांचं, संथ, लांब पल्ल्याचं, की पंख्यावर लटकणारं, भुकेलं? लाँचरमधून फेकलं जाणारं असेल तर पहिल्या काही सेकंदांचा करंट हाच खरा प्रश्न.

आणखी एक गणित, ते प्रस्तावात मांडलं तर वाचणारा मान डोलावतो. तरंगायला लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. पंखे तेच ठेवून नुसती बॅटरी वाढवत गेलात तर बाकी ड्रोनच्या वजनाच्या दुप्पट बॅटरी झाली की त्यापुढे वेळ वाढायच्या ऐवजी कमीच होतो. तोंडी सांगितलं की खोटं वाटतं. कागदावर तीन ओळींत निघतं.

पाचवी पायरी: रसायन, आणि नाणं-सेलचा मोह

सिलिकॉन अॅनोड, लिथियम-धातू, सल्फर, घन इलेक्ट्रोलाइट. प्रत्येकाचं गाऱ्हाणं वेगळं. ग्रॅफाइट एका ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास धरतं, सिलिकॉन सुमारे ३,६००. पण चार्ज होताना सिलिकॉनचं आकारमान तिपटीहून जास्त होतं आणि इलेक्ट्रोड चुरा होऊन पडतो. लिथियम-धातू सुया काढतो. सल्फर इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळून पलीकडे फिरायला जातो. तुम्ही यातलं कुठलं गाऱ्हाणं कमी करता, ते एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

आता मोह. विद्यापीठात आपण नाण्याएवढे सेल बनवतो, पातळ थर, भरपूर इलेक्ट्रोलाइट, आणि आलेख असा झकास येतो की फ्रेम करावा. पण नाणं-सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट मोजलेला नसतो. खऱ्या पाऊच सेलमध्ये, म्हणजे चपट्या पाकिटासारख्या सेलमध्ये, तोच वजनाचा मोठा वाटा असतो. वाचणारा थेट हेच शोधतो: दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिअँपिअर-तास? (चार-पाचच्या खाली असेल तर वजनात फायदा उरत नाही.) दर ग्रॅम सल्फरला किती इलेक्ट्रोलाइट? लिथियम किती जास्तीचं घातलं? हे तीन आकडे स्वतःहून लिहा, वाईट असले तरी. लपवलेत तर तो सगळ्यात वाईट आकडा गृहीत धरतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

माझा दुसरा प्रस्ताव यातच गेला. सेलची ऊर्जाघनता मी ठळक अक्षरात लिहिली होती. शेरा आला की पॅकचा आकडा कुठेच नाही. सेलपासून पॅक होताना आवरण, तारा, नियंत्रक, उष्णता रोखणारे थर यांत पाचवा, कधी चौथा हिस्सा जातो. घन इलेक्ट्रोलाइटवाल्यांना दाब देणाऱ्या पट्ट्याही लागतात, त्यांचं वजन ते हटकून विसरतात.

सेल बनवायला स्वतःची कोरडी, हवेतला ओलावा काढलेली खोली बांधायच्या फंदात फेज वनमध्ये पडू नका. अर्गोन वायू भरलेला ग्लोव्हबॉक्स (हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी) पुरतो. पाऊच सेलसाठी अर्गॉन नॅशनल लॅबोरेटरी या सरकारी प्रयोगशाळेची कॅम्प सुविधा किंवा मिशिगन विद्यापीठाची बॅटरी लॅब यांच्याकडे विचारा. सेल चिरडणं, खिळा ठोकणं, जाळणं हे सँडियाच्या प्रयोगशाळेचं खास क्षेत्र. या कामाचा खर्च मात्र तुमच्या बाहेरच्या एक तृतीयांश वाट्यात मोजला जाऊ शकतो, तेव्हा बजेटशी ताडून घ्या.

सहावी पायरी: लिहिणं

पानांची मर्यादा खात्यागणिक बदलते, पण बहुतेक ठिकाणी तांत्रिक भाग २० पानांच्या आत बसवायचा असतो. संरक्षण खात्यात गुण तीन गोष्टींना: तंत्राची योग्यता, माणसांची लायकी आणि पुढे विकलं जाण्याची शक्यता. क्रमही तोच.

सहा महिन्यांत तीनच कामं करा, सात नको. प्रत्येक कामाला मोजता येणारा निकाल द्या. ‘सेलची कामगिरी सुधारू’ हा निकाल नव्हे. ‘उणे २० अंशांना २ सी दराने, खोलीच्या तापमानाच्या ७० टक्के क्षमता, पाच सेलवर’ हा झाला निकाल. (आकडा तुमच्या टॉपिकप्रमाणे घ्या, हा नुसता नमुना.) आणि तो निकाल नाही आला तर काय करणार, हेही दोन ओळींत लिहा. आपल्याकडे अपयशाबद्दल आधी बोलणं अपशकुन मानतात, पण इथे ते नसलं तरच संशय येतो.

विक्रीच्या भागात ‘जागतिक ड्रोन बाजार इतक्या अब्जांचा’ हे वाक्य प्रत्येकाच्या प्रस्तावात असतं. त्याऐवजी एखाद्या विमान बनवणाऱ्या कंपनीचं पत्र जोडा: ‘असा पॅक मिळाला तर आमच्या अमुक विमानात लावून बघू.’ एका पानाचं पत्र, पण ते मिळवायला दोन महिने लागतात, म्हणून टॉपिकची वाट न बघता आधीच ओळखी करायला लागा.

बजेट: पगार, त्यावरचे लाभ, ओव्हरहेड, साहित्य, बाहेरची कामं आणि शेवटी नफा. हो, नफा लावायला परवानगी आहे. साधारण सात टक्के लोक लावतात. पहिल्यांदा अर्ज करणारे संकोचून शून्य लिहितात. लिहू नका तसं. पेटंटच्या वकिलाची फी थेट खर्चात बसत नाही, ती यातूनच जाते. तांत्रिक-व्यावसायिक मदतीसाठी वेगळे ६,५०० डॉलर फेज वनमध्ये मागता येतात. वेळेची नोंद पहिल्या दिवसापासून रोजच्या रोज ठेवा. फेज टूला हिशेब तपासनीस येतो तेव्हा त्याला नेमकी तीच वही हवी असते.

शेवटचा दिवस अपलोडसाठी ठेवू नका. संरक्षण खात्याच्या प्रस्तावात सात खंड असतात आणि त्यात गैरव्यवहार रोखण्याचं एक छोटं प्रशिक्षणही पूर्ण करावं लागतं. ते रात्री अकरा वाजता कळण्यात मजा नाही.

चीनचा प्रश्न

सातव्या खंडात परदेशी संबंध जाहीर करायचे असतात: गुंतवणूक, करार, सल्लागारी, पेटंट. २०२२ च्या कायद्यापासून हे सक्तीचं आहे आणि चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया या चार देशांशी नातं निघालं तर पुढचं अवघड. पुण्यातले आईवडील यात येत नाहीत. पुण्यातला गुंतवणूकदार येतो, म्हणून लिहून टाका.

बॅटरीच्या धंद्यात हे का एवढं टोचतं? ए-१२३ सिस्टिम्स आठवा. एमआयटीतून निघालेली कंपनी, ऊर्जा खात्याच्या याच योजनेतून सुरुवातीला साधारण १ लाख डॉलर मिळालेली, लिथियम-आयर्न-फॉस्फेटमध्ये भारी नाव कमावलेली. २०१२ मध्ये दिवाळं निघालं आणि कंपनी चीनच्या वानशियांगकडे गेली. लष्करी कामाचा भाग तेवढा वेगळा काढून एका अमेरिकी कंपनीला विकला. तेव्हापासून वॉशिंग्टनमध्ये बॅटरी हा शब्द निघाला की कान टवकारतात. १ ऑक्टोबर २०२७ पासून संरक्षण खात्याला सीएटीएल, बीवायडी आणि आणखी चार चिनी कंपन्यांच्या बॅटऱ्या विकत घेता येणार नाहीत. तेव्हा तुमचा कॅथोड, फॉइल, विलगक पडदा कुठून येतो याची यादी आत्तापासून ठेवा. ग्रॅफाइटच्या रकान्यात बहुधा ‘चीन’च लिहावं लागेल, ते तुम्हाला माहीत आहेच. तिथे पर्यायी पुरवठादार कोण, तेही लिहा.

पैसा मिळाला तर, आणि नाही मिळाला तर

बहुतेक प्रस्ताव परत येतात. आला की चार दिवस रागावून घ्या, मग ठरलेल्या मुदतीत शेरे मागवा. शेऱ्यात चूक दाखवली असेल तर ती दुरुस्त होते. ‘रस नाही’ असं सुचवलं असेल तर तोच विचार दुसऱ्या खात्याच्या टॉपिकला नेऊन बघा. नौदलाने नाकारलेलं नासाला आवडल्याची उदाहरणं आहेत, कारण विमान वेगळं, गरज वेगळी.

मिळाला तर पहिल्याच महिन्यात सेल पाठवण्याचा प्रश्न येतो. लिथियम-आयन सेल सुटे पाठवायचे तर प्रवासी विमानातून जात नाहीत; मालवाहू विमानात ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ या चाचणी-मालिकेत उंचीवरचा कमी दाब, उणे ४० ते ७२ अंशांचे फेरे, कंपन, धक्का, शॉर्ट, चिरडणं, जास्त चार्जिंग, उलटं डिस्चार्ज हे सगळं येतं. तुमच्या नमुन्याने ती दिलेली नसणार. अशा नमुन्याला विमानाने पाठवायचं तर परिवहन खात्याची वेगळी मंजुरी लागते. रस्त्याने पाठवायला ठरावीक पॅकिंगसह सवलत आहे. म्हणून वेळापत्रकात ट्रकचे दिवस धरा.

फेज टू मिळाला आणि बॅटरी विमानात उडाली, की फेज थ्री. तुमचं काम आधीच स्पर्धेतून निवडलं गेलेलं असल्यामुळे कुठलंही सरकारी खातं पुन्हा निविदा न काढता थेट तुमच्याकडून ते घेऊ शकतं, रकमेला मर्यादा नाही. ही गोष्ट खरेदी अधिकाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसते. नम्रपणे, कागद हातात धरून सांगावी लागते.

शोध तुमच्या मालकीचा राहतो; सरकारला वापरायचा परवाना मिळतो. तुम्ही दिलेली तांत्रिक माहिती सरकारने २० वर्षं बाहेर फोडायची नाही, असं संरक्षणही आहे. पण ते आपोआप लागत नाही. प्रत्येक अहवालावर, प्रत्येक ड्रॉइंगवर, प्रत्येक सादरीकरणावर करारात दिलेला हक्काचा मजकूर शब्दशः छापावा लागतो. एखाद्या ड्रॉइंगवर राहून गेला तर त्या ड्रॉइंगपुरता हक्क निसटू शकतो. फेज वनच्या पहिल्या अहवालाचा साचा बनवाल त्याच दिवशी तो मजकूर साच्याच्या तळाशी टाकून ठेवा.